उन्हाळा, धामणगाव आणि एक यादी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे आतेबहिणीने विचारलं होतं, "तू बँकेत शिकाऊ म्हणून गेला होतास ना धामणगावला? ते कधी लिहिणार?" तेव्हा हसून टाळलं. खरं कारण असं की त्या उन्हाळ्याची गोष्ट माझ्या एकट्याची नाही, मामांचीही आहे. या दिवाळीत मामांना विचारलं, "लिहू का?" ते म्हणाले, "लिय नं. म्या काई चोरी केली का?" तर मंडळी, परवानगी मिळालेली आहे. फक्त गावाचं, बँकेचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही. घरच्यांना कळेलच, बाकीच्यांना त्याची गरज नाही.

साल 2008. मी एमबीएच्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळा झालो होतो. दोन महिन्यांची समर इंटर्नशिप सक्तीची. वर्गातली हुशार मंडळी मुंबईला गेली, काचेच्या इमारतींत, गळ्यात ओळखपत्रं घालून. मी एका बँकेच्या विभागीय कार्यालयात अर्ज केला होता. तिथल्या साहेबांनी विचारलं, "कुठे राहण्याची सोय आहे?" मी म्हणालो, "धामणगावजवळ मामा राहतात." झालं. साहेबांनी तिथल्या तिथे धामणगाव रेल्वेच्या शाखेच्या नावाने पत्र काढून दिलं. मित्रांना सांगितलं तर एकाने विचारलं, "रेल्वेत लागलास की बँकेत?" :)

या नावाची गंमत बाहेरच्यांना सांगावी लागते. वऱ्हाडात धामणगावं बरीच. बुलढाण्याकडे धामणगाव बढे, आमच्याच जिल्ह्यात धामणगाव गढी. आमच्या धामणगावाची ओळख म्हणजे रेल्वे, म्हणून ते कागदोपत्रीसुद्धा 'धामणगाव रेल्वे'. हे नाव नुसतं पत्त्यापुरतं नाही. गावाचा सगळा इतिहासच त्यात आहे, पण तो मला तेव्हा ठाऊक नव्हता. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी स्टेशनवर उतरलो तेव्हा एवढंच ठाऊक होतं की ऊन पंचेचाळीसच्या पुढे आहे आणि मामा पांढरा दुपट्टा डोक्याला बांधून मोटारसायकलवर बसलेले आहेत.

पहिले पंधरा दिवस शाखेत मला काहीच काम नव्हतं. स्लिपा भरून द्यायच्या, म्हाताऱ्या बायांच्या पासबुकावर नोंदी छापून द्यायच्या, चहा आला की प्यायचा. मॅनेजर साहेब भले होते. ते म्हणाले, "थांब जरा, दिल्लीहून सर्क्युलर यायचं आहे. मग तुला झोपायला वेळ मिळणार नाही."

ते परिपत्रक 23 मेचं. 29 फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी 60 हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली होती, तिचे नियम त्यात होते. थोडक्यात असे: 31 मार्च 2007 पर्यंत वाटलेलं शेतीकर्ज, जे 31 डिसेंबर 2007 ला थकीत होतं आणि 29 फेब्रुवारी 2008 पर्यंत भरलेलं नव्हतं, ते पात्र. शेती दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकरांपर्यंत असेल तर थकलेली सगळी रक्कम माफ. त्याहून जास्त असेल तर 'इतर शेतकरी'. त्यांनी 75 टक्के भरले तर 25 टक्के सूट. आमच्यासारख्या पॅकेजवाल्या जिल्ह्यांत 25 टक्के किंवा 20 हजार, यांतली जी मोठी ती. आणि याद्या 30 जूनपर्यंत शाखेच्या फलकावर लावायच्या.

पॅकेज म्हणजे 2006 चं. त्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले होते. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यातले 712 कोटी थकीत व्याज माफ करण्यासाठी होते. का, ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. त्या वर्षांत आमच्याकडे सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची.

तर माझं काम सुरू झालं. जुनी लेजरं काढायची, प्रत्येक पीककर्जाचं खातं बघायचं, फाइलमधला सातबारा आणि आठ-अ काढून क्षेत्र जुळवायचं आणि एक्सेलमध्ये भरायचं. नाव, वडिलांचं नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, वाटपाची तारीख, थकीत रक्कम. क्षेत्र धरायचं ते कर्ज मंजूर झालं त्या दिवशीचं. नंतर भावाभावांत वाटण्या झाल्या असतील तरी त्या मोजायच्या नाहीत. पंखा गरगरायचा, घामाने लेजरची पानं हाताला चिकटायची. दुपारी दोन वाजता रस्त्यावर कुत्रं दिसायचं नाही, पण शाखेच्या दारात माणसं बसलेली असायची. "साहेब, आपलं नाव हाये का?" मला कोणी साहेब म्हणायची ती पहिलीच वेळ.

आता मामांचं सांगतो. मामांकडे त्या वेळी साडेचार एकर कोरडवाहू वावर. पऱ्हाटी, तूर, थोडं सोयाबीन. 2006 च्या जूनमध्ये त्यांनी आमच्याच शाखेतून पीककर्ज उचललं होतं. त्या वर्षी पाऊस इतका लागून राहिला की पऱ्हाटी पिवळी पडली. कर्ज थकलं. 2007 च्या दिवाळीत मी मामांकडे गेलो होतो. नुकताच एमबीएला लागलेला, चार महिन्यांचं शिक्षण आणि चाळीस वर्षांचा आव. ओसरीवर बसून मी मामांना पत, कर्जशिस्त, थकबाकीचे तोटे असं बरंच काही सांगितलं. "मामा, थकबाकीदार राहू नका. एकदा नाव खराब झालं की पुढच्या वर्षी बँक दारात उभं करणार नाही." मामा ऐकत होते. मामी आतून म्हणाली, "खरं सांगते नं पोट्टा."

नोव्हेंबरच्या शेवटी मामांनी बैलजोडी विकली. एकवीस हजार आले. त्यात पहिल्या वेच्याच्या कापसाचे पैसे घातले आणि व्याजासकट एकतीस हजारांच्या आसपास रक्कम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भरून टाकली. मला फोन करून सांगितलं, "बापू, झालो मोकळा." मला केवढा अभिमान वाटला होता!

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. 29 फेब्रुवारीच्या संध्याकाळी हॉस्टेलच्या टीव्हीपुढे मी उभा होतो. मुलं सरकारला शिव्या देत होती किंवा टाळ्या वाजवत होती, ज्याच्या त्याच्या घरी शेती आहे की नाही त्याप्रमाणे. मी काहीच बोललो नाही. आणि तीन महिन्यांनी मी त्याच शाखेत बसून मामांचं खातं उघडलं. साडेचार एकर, म्हणजे 1 हेक्टर 80 आर. वाटप जून 2006. सगळं बसत होतं. फक्त 31 डिसेंबर 2007 च्या रकान्यात शून्य. मी पान उलटलं. यादीत नाव लिहायचं नव्हतं.

त्या रात्री जेवताना मामांशी काय बोलावं ते कळेना. मामाच म्हणाले, "आपलं नाव नसन त्यात. मले माईत हाये. तू कायले तोंड पाडून बसला?" थोड्या वेळाने त्यांनी आतून एक पत्र्याची पेटी आणली. "तुह्या आजाच्या बापाचे कागद हायेत. तू बँकेचं शिकून रायला, पाह्य काय लिवलं हाय थे."

पेटीत तीसेक कागद होते. काही मोडीत, ते मला वाचता आले नाहीत. एक मात्र बालबोध होता, छापील नमुन्यात शाईने भरलेला, 1930 नंतरच्या दशकातला. कर्ज-लवाद मंडळापुढचा तडजोडीचा कागद. माझ्या पणजोबांकडे सावकाराची बाकी 1,140 रुपये दाखवली होती. ती 600 वर तुटली होती आणि हप्ते पाडून दिले होते. खाली पणजोबांचा अंगठा.

हा कागद मी त्या उन्हाळ्यात कितीदा पाहिला असेन! तिथपासून मला वऱ्हाडातल्या कर्जाचा इतिहास वाचायचं वेड लागलं. इंटर्नशिप संपली, ते वेड काही संपलं नाही. जे सापडलं ते थोडक्यात सांगतो, कारण मामांची गोष्ट मला त्याशिवाय नीट समजली नसती.

वऱ्हाडात शेतकरी कर्जात आहे असं आपण म्हणतो. पण एकेकाळी अख्खा वऱ्हाडच कर्जापोटी अडकला होता! निजामाला इंग्रजांच्या हैदराबाद कंटिन्जंट फौजेचा खर्च द्यावा लागे, तो थकत गेला. मे 1853 मध्ये डलहौसीच्या काळात तह झाला आणि त्या खर्चाच्या वसुलीसाठी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. म्हणून जुन्या कागदांत आपल्या मुलखाचं नाव 'हैदराबादने सोपवलेले जिल्हे' असं येतं. 1857 च्या धामधुमीत निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याचं बक्षीस म्हणून 1860 च्या तहात त्याच्याकडची 50 लाखांची बाकी इंग्रजांनी सोडून दिली. रायचूर आणि नळदुर्गकडचा भाग परत केला. वऱ्हाड मात्र ठेवूनच घेतला, पुढे 1902 मध्ये तर वर्षाला 25 लाखांच्या खंडावर कायमचा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसलो होतो. वऱ्हाडातली पहिली मोठी कर्जमाफी निजामाला मिळाली. कर्ज माफ झालं, पण गहाण ठेवलेलं सुटलं नाही.

इंग्रजांना वऱ्हाड एवढा का हवा होता? कापूस. गॅझेटियरमध्ये नोंद आहे की 1825-26 मध्ये विकाजी आणि पेस्तनजी या पारशी पेढीने वऱ्हाडातून मुंबईला कापूस पाठवला, तो 500 बैलांच्या पाठीवरून. माल पंचवीस हजार रुपयांचा. त्या काळी बराच कापूस उलट्या दिशेला, अमरावतीहून गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे, सुमारे 500 मैल. 1842 मध्ये एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांचं ओझं त्या वाटेने पाठवलं म्हणतात. एक लाख बैल! मामांच्या दोन बैलांची मला तेव्हा आठवण झाली, काय करणार.

मग आगगाडी आली. भुसावळहून निघालेला जीआयपीचा फाटा 1867 मध्ये नागपूरला पोचला. आमचं धामणगाव त्या वाटेवर. यवतमाळ तिथून 29 मैल, आणि यवतमाळला स्वतःचं स्टेशन नव्हतं. त्यामुळे तिकडचा कापूस बंड्यांत भरून धामणगावला यायचा. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळला छोटी गाडी गेली, तोवर यवतमाळकडचा सगळा राबता इथूनच. जुनं धामणगाव बाजूला राहिलं आणि स्टेशनापाशी नवं गाव वसलं. जिनिंग-प्रेसिंग आले, अडत्ये आले, मारवाडी-गुजराती पेढ्या आल्या. कापसाच्या मागे पैसा आला आणि पैशामागे उधारी.

लोहमार्ग बांधून होत होता त्याच वर्षांत तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, 1861 ते 1865. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, त्यामुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअर्सचं वेड पसरलं. युद्ध संपलं तसे भाव कोसळले, 1865 च्या जुलैत मुंबईचा फुगा फुटला आणि त्या धक्क्यातून न सावरलेली बँक ऑफ बॉम्बे 1868 मध्ये बुडाली. नंतर त्याच नावाची नवी बँक काढली. पण शेतकऱ्याला नवं नाव घेता येत नाही. भाव चढले तेव्हा त्याने उधारी केली होती, भाव पडल्यावर ती फेडायची होती.

यात एक गोष्ट मी आधी कधी लक्षात घेतली नव्हती. इंग्रजांनी वऱ्हाडात रयतवारी पद्धतीने मोजणी करून शेत ज्याच्या त्याच्या नावावर करून दिलं. चांगलंच केलं असं आपण म्हणू. पण नावावर झालेलं शेत गहाण टाकता येतं आणि लिलावात जाऊही शकतं. सारा ठरलेल्या तारखेला रोख भरायचा, आणि रोख कोणाकडे? सावकाराकडे. लक्ष्मण सत्या यांचं 1850 ते 1900 या काळातल्या वऱ्हाडच्या कापूस आणि दुष्काळावर एक इंग्रजी पुस्तक आहे (1997). त्यातून एक गोष्ट मनात बसली. ज्या मुलखातून जगाला कापूस जात होता, तोच मुलूख 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत अन्नाला महाग झाला.

सावकाराला पर्याय म्हणून 1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. वऱ्हाडात सोसायट्या निघाल्या. पण 1929 नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव असे पडले की शेतकऱ्यांबरोबर सोसायट्याही थकल्या. तेव्हा 1933 मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडात कर्ज-लवादाचा कायदा झाला. आमच्याकडे पापळच्या पंजाबराव देशमुखांचं नाव त्या संदर्भात आवर्जून घेतलं जातं. ते त्या सुमारास प्रांताचे मंत्री होते. मंडळापुढे सावकार आणि कुळ दोघांना बसवायचं, खरी बाकी किती ते काढायचं, झेपेल तेवढ्यावर तडजोड करायची आणि हप्ते पाडायचे. माझ्या पणजोबांचा कागद त्यातला.

त्या कागदाची एक गोष्ट मला फार आवडते. त्यात पणजोबा स्वतः हजर होते. 2008 ची माफी अशी नव्हती. दिल्लीत तारीख ठरली, एकाला मिळालं, दुसऱ्याला नाही. कोणी कोणाच्या समोर बसलं नाही. अर्थात लवादालाही मर्यादा होत्या. ज्याची बाकी तोडली त्याला सावकार पुढच्या वर्षी उभा करेलच असं नाही. आणि स्वातंत्र्यानंतरची स्थिती पाहिली तर डोळे उघडतात. 1951-52 च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत दिसलं की शेतकऱ्याच्या कर्जातले शंभरातले तीन रुपये सहकारी संस्थांचे, व्यापारी बँकांचा एक रुपयासुद्धा नाही, आणि जवळपास सत्तर रुपये सावकारांचे. त्यानंतर 1955 मध्ये इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली, 1969 मध्ये 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि गावोगावी शाखा निघाल्या. मी ज्या टेबलावर बसून यादी करत होतो, ते टेबल तिथे येण्यामागे एवढं सगळं होतं.

मधल्या काळातली एक व्यवस्था मामा नेहमी सांगतात. 1972 पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी होती. कापूस सरकारी केंद्रावरच द्यायचा, आणि चुकाऱ्यातून सोसायटीचं कर्ज परस्पर कापून घ्यायचे. "चीड यायची," मामा म्हणतात, "पण कर्ज फिटून जाये." 2002 नंतर ती मक्तेदारी राहिली नाही. कापूस खाजगी व्यापाऱ्याला गेला, पैसा हातात आला, आणि ज्या वर्षी तो पुरला नाही त्या वर्षी कर्ज राहिलं. मग मार्चमध्ये 'नवं-जुनं' करायचं. म्हणजे कोणाकडून तरी दोन दिवसांसाठी पैसे आणून जुनं भरायचं आणि नवं उचलून ते परत करायचे. कागदावर खातं एकदम स्वच्छ! एमबीएच्या कोणत्याही पुस्तकात मला हा धडा सापडला नाही, आणि वऱ्हाडातल्या कोणत्याही मॅनेजरला तो शिकवावा लागत नाही.

असो. यादीकडे येतो.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही यादी फलकावर लावली. पाऊस येऊन गेला होता, दारात चिखल, आणि फलकापुढे ही गर्दी. ज्याला वाचता येत नाही तो वाचणाऱ्याचा सदरा धरून उभा. कोणी नाव सापडल्यावर तिथेच फलकाला हात लावून नमस्कार केला. कोणी दोन हेक्टर पाच आर निघाला म्हणून कपाळाला हात लावला. पाच आर म्हणजे किती? आमच्या शाखेचं आवार त्यापेक्षा फारसं लहान नसेल.

अकराच्या सुमाराला मामा आले. मी काचेतून बघत होतो. त्यांचं नाव नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी ते फलकासमोर उभे राहिले आणि बोट ठेवत एकेक ओळ खाली येऊ लागले. मला वाटलं, नाव शोधतायत. पोटात कालवलं. मग ते आत आले आणि माझ्या टेबलाशी वाकून हळूच म्हणाले, "बापू, त्या बाईचं चुकलं हाये."

ती बाई म्हणजे मामांच्या धुऱ्याला लागून जिचं वावर आहे ती. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. कसा गेला ते लिहीत नाही. खातं त्याच्या नावावर होतं. यादीत त्याचं नाव 'इतर शेतकरी' मध्ये होतं, क्षेत्र 2 हेक्टर 40 आर. मामा म्हणाले, "तिचं साडेतीन एकर हाये. माह्या बाजूचं वावर मले माईत नाई का?"

मी फाइल काढली. सातबारा 1 हेक्टर 40 आर. एक्सेलमध्ये 2.40. भरणारा मी. एकाच्या जागी दोन पडलं होतं, आणि त्या एका आकड्यामुळे तिची माफी जात होती. तिला अठरा हजारांच्या वर भरायला लागले असते. ते ती भरू शकली नसती आणि पुढे कोणत्याही बँकेत तिला उभं केलं नसतं. मी आणि एक क्लार्क, दोघांनी तपासलेली यादी होती ती. साहेबांकडे गेलो, चूक सांगितली. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "आता सगळी यादी सातबाऱ्याशी पुन्हा ताडून पाहा." दोन रात्री मी आणि तो क्लार्क बसलो. आणखी तीन चुका सापडल्या. दोन माझ्या, एक लेजरमधली. 30 जूनच्या आत सुधारलेली यादी लागली.

2013 मध्ये 'कॅग'चा अहवाल आला तेव्हा मी तो रात्रभर वाचत बसलो होतो. देशभरात त्यांनी तपासलेल्या 90,576 खात्यांपैकी 20,216 खात्यांत चुका निघाल्या, म्हणजे शंभरातल्या बावीसहून जास्त. पात्र असून वगळलेले, अपात्र असून घेतलेले. पेपरांनी त्यावर घोटाळा म्हणून मथळे दिले. त्यात लबाडीही असेल, नाही म्हणत नाही. पण मला त्या आकड्यात पंख्याखाली बसलेला घामेजलेला तेवीस वर्षांचा एक पोरगा दिसत होता, जो एकाच्या जागी दोन टाइप करतो. आणि प्रत्येक फलकापुढे शेजाऱ्याचं वावर किती ते पाठ असलेला माणूस उभा असेलच असं नाही.

त्या दिवशी शाखेतून निघाल्यावर मामा आणि मी स्टेशनापाशी चहा प्यालो. मी शेवटी बोललो. म्हणालो, "मामा, दिवाळीत मी तोंड उघडलं नसतं तर बैल राहिले असते आणि कर्जही गेलं असतं." मामा बराच वेळ गाडीच्या डब्यांकडे बघत होते. एक लांबलचक मालगाडी जात होती. ती गेल्यावर म्हणाले, "घेतले होते, देल्ले. आता तू म्हणशीन फुकट गेले, तर मले तसं नाई वाटत. पण बैल इकायले नोयते पायजे." दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच सुरात सांगितल्या. मला त्यांतलं एकच वाक्य ऐकून समाधान करून घ्यायचं होतं, ते जमलं नाही.

जुलैत कॉलेजला परत गेलो. अहवाल सादर केला, पन्नास पानं, रंगीत आलेख. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "कर्जमाफीने प्रामाणिक कर्जदाराची शिस्त बिघडते, यावर तुमचं मत?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं. बिघडते, वगैरे. चांगले गुण मिळाले. त्यानंतर दोन महिन्यांत, 15 सप्टेंबरला, लेहमन ब्रदर्स बुडाली आणि ऑक्टोबरात अमेरिकेने आपल्या वित्तसंस्थांना सावरायला 700 अब्ज डॉलर्सची तरतूद केली. काचेच्या इमारतींत गेलेले माझे मित्र नोकऱ्यांच्या काळजीत पडले. तिथल्या बँकांच्या शिस्तीचं काय, असा प्रश्न मला त्या सरांना विचारावासा वाटला, पण तोवर निकाल लागला होता.

आज मी बँकेतच आहे. कर्जविभागात. 2017 ची दीड लाखांपर्यंतची माफी झाली, 2019 ची दोन लाखांपर्यंतची झाली. दर वेळी याद्या, दर वेळी तारखा, दर वेळी फलकापुढे कोणीतरी. फरक एवढाच की आता अंगठा यंत्रावर ठेवायचा असतो, आणि कापूस वेचून रेषा पुसल्या गेलेल्या बोटांना ते यंत्र ओळखत नाही. पणजोबांचा शाईचा अंगठा मात्र नव्वद वर्षांनी अजून स्पष्ट दिसतो. नियमित भरणाऱ्यांसाठी 50 हजारांपर्यंत प्रोत्साहन देण्याचा निर्णय राज्याने 2022 मध्ये अमलात आणला. मामांना ते मिळालं. फोन करून म्हणाले, "बापू, पंधरा वर्सांनी तुह्या सल्ल्याचे पैसे आले." मी हसलो. मग दोघंही गप्प बसलो थोडा वेळ.

बैल मामांनी पुन्हा घेतले नाहीत. नांगरणी-वखरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. गोठ्यात घुंगरमाळा अजून खुंटीला आहेत आणि पोळ्याच्या दिवशी मामी त्या पुसून ठेवते. मी तिला कारण विचारलेलं नाही.

एक विनंती. नातेवाईकांपैकी कोणाकडे आपल्या घराण्याचे असे जुने कागद असतील, गहाणखतं, पावत्या, लवादाचे कागद, तर फेकू नका. त्यांचे फोटो काढून मला पाठवा. पेटीतला मोडीचा गठ्ठा वाचून देणारं कोणी माहीत असेल तर तेही कळवा. मामांची इच्छा आहे की त्यांच्या डोळ्यांदेखत तो वाचून व्हावा. त्यांना एकच जाणून घ्यायचं आहे, पणजोबांचे ते 600 रुपये शेवटी फिटले की नाही.